जवासमी : चांचे कीं दर्यावरील सत्ताधीश ?
(मुंबई सरकारच्या निवडक दप्तरांतील २४ व्या अंकाचा परामर्श)

(१)

इ. स. १८५६ त मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यांतून एक जाडजूड ग्रंथ बाहेर पडला. मुंबई सरकारच्या निवडक दप्तरांच्या नव्या मालेंतील हा २४ वा अंक होय. ओमान, मस्कत, बहरीन व इराणी आखातांतील इतर स्थळें यांविषयींची ऐतिहासिक व इतर माहिती त्यांत एकत्र केलेली असून तिची जुळणी राजकीय खात्याचे साहाय्यक चिटणीस आर. ह्यूज टॉमस यांनीं केली आहे. सुमारें सातशें पृष्ठांच्या या ग्रंथांत मुंबई सरकारचे मुख्य चिटणीस फ्रॅन्सिस वॉर्डन यांनीं लिहिलेलें, जवासमी नांवाच्या अरबी जमातीचें १७४७ पासून १८१९ पर्यंतचें वृत्त आहे. तेंच पुढें हेनेल, केम्बल व डिस्ब्रो या अंमलदारांनीं १८५३ पर्यंत आणून पोंचविलें आहे. मस्कतकर, बहरीनचे उतूबी व वहाबी यांचीं वृत्तेंही याच धर्तीवर दिलीं आहेत. तहनामे, किनाऱ्याचीं वर्णनें, गुलामांच्या व्यापारासंबंधींचे कागद असा दुसराही पुष्कळ ऐवज त्यांत आहे.

आखाताच्या इतिहासावर पुढें जें जें लिहिलें गेलें, त्यांतील बहुतेकांचा पाया या ग्रंथांत आहे. लॉरिमरनें सिद्ध केलेला आखाताचा प्रचंड गॅझेटियर (भूवर्णनाचा भाग १९०८, इतिहासाचा भाग १९१५) याच दप्तराच्या खांद्यावर उभा आहे. तत्पूर्वीं मुंबई प्रांताच्या नोकरींतील जे. ए. साल्ढाणा यांनीं जे गोषवारे तयार केले, त्यांसही हाच आधार होता. १९८५ त केंब्रिज येथें मूळ ग्रंथाचें पुनर्मुद्रण झालें, तेव्हां त्यास ‘अरबी आखाताची खबर’ अशा अर्थाचें नवें नांव देण्यांत आलें. १८५६ च्या मुखपृष्ठावरील ‘इराणी’ आखात १९८५ च्या मुखपृष्ठावर ‘अरबी’ झालें. ज्या वादाचा आम्ही येथें परामर्श घेणार आहों, त्याचें बीज या एका शब्दाच्या पालटांतही दिसतें.

वाद असा : रासखैमा, शारजा, लिंगा इत्यादि बंदरांचे धनी असे जे जवासमी, ते चांचे होते कीं आपल्या समुद्रावर आपला हक्क बजावणारे सत्ताधीश होते ? इंग्रजी नकाशांवर एका संबंध किनाऱ्यास ‘चांच्यांचा किनारा’ हें नांव पडलें, तें याच दप्तराच्या जोरावर. हा प्रश्न आखातापुरताच आहे असें समजून आमच्या वाचकांनीं तो बाजूस सारूं नये. ज्या मुंबईच्या कचेरींत जवासम्यांविषयीं हें टिपण झालें, त्याच कचेरींत आंग्र्यांविषयीं, मालवणकरांविषयीं व सावंतवाडीकरांविषयीं टिपणें होत होतीं, आणि शब्दही तोच वापरला जात होता.

(२)

प्रथम नांवाविषयीं. ग्रंथांत सर्वत्र ‘जोआस्मी’ असें रूप आढळतें. मूळ अरबी शब्द ‘कासिमी’, अनेकवचनीं ‘कवासिम’. आखाताच्या बोलींत काफाचा उच्चार पुष्कळ ठिकाणीं जकारासारखा होतो. ‘शारिका’ या नगराचें ‘शारजा’ झालें तें याच नियमानें, व ‘कवासिम’चें ‘जवासिम’ही तसेंच. तेव्हां इंग्रजी रूप अगदींच अशुद्ध नव्हे. लिहिणारानें कानांनीं जें ऐकलें तें लिहिलें. अशुद्धता आहे ती अर्थांत. कवासिम हें मुळांत एका राज्यकर्त्या घराण्याचें नांव. इंग्रज अंमलदारांनीं तें त्या घराण्याचा शब्द मानणाऱ्या सर्व जमातींस लाविलें. आखातांत कोठेंही गलबत लुटलें गेलें आणि लुटणारा अरब होता एवढें कळलें, कीं तो ‘जोआस्मी’ ठरण्यास फारसा वेळ लागत नसे. ज्या वृत्तांत कर्त्याचें नांवच असें सैल, त्यांतील कृत्यांची बेरीज घट्ट कशी असेल ?

दुसरा मुद्दा हातांचा. अस्सल कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस सांगणें नको कीं, बातमी जितक्या हातांतून जाते तितके रंग तिला चढतात. या ग्रंथांतील एखादें वाक्य आपल्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं निदान चार हातांतून गेलेलें असतें. पहिला हात नाखोद्याचा किंवा व्यापाऱ्याचा. त्याचा माल गेलेला असतो व त्यास भरपाई हवी असते. दुसरा हात बंदरांतील एतद्देशीय एजंटाचा; हा बहुधा स्वतः व्यापारी असून त्याचे त्या किनाऱ्यावर स्वतःचे हितसंबंध असतात. जेम्स ऑनली यांनीं २००७ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हें चांगलें दाखविलें आहे कीं, आखातांतील इंग्रजी कारभार मूठभर गोऱ्या अंमलदारांपेक्षां अशा एजंटांच्या व मुनशांच्याच लेखणीवर चालत असे. तिसरा हात बुशायर येथील रेसिडेंटाचा व त्याच्या मुनशीचा; अरबी वा फारसी पत्र येथें इंग्रजी होतें. चौथा हात मुंबईच्या चिटणिसाचा. तो वीस पत्रांचा एक परिच्छेद करतो. वॉर्डनचें वृत्त म्हणजे हा चौथा हात. तें अस्सल नव्हे. अस्सलाच्या तर्जुम्याचा गोषवारा आहे. बखर आणि अस्सल पत्र यांतील तारतम्य आपण मराठ्यांच्या इतिहासांत कटाक्षानें पाळतों. मग छापील इंग्रजी पुस्तक समोर आलें म्हणजे तें तारतम्य विसरावयाचें कां?

आणखी एक गोष्ट वाचकानें ध्यानांत ठेवावी. या अंकांत कॅप्टन रॉबर्ट टेलर याचींही टिपणें आहेत. इ. स. १८०८ त ‘मिनर्व्हा’ नांवाचें जहाज जवासम्यांनीं पकडलें, त्यावर याच टेलरची बायको व मूल होतीं. खंडणी भरून त्यांस सोडवून आणावें लागलें. टेलर खोटें लिहितो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याच्या घरावर घाला पडला आहे अशा माणसास न्यायासनावर बसवून त्याचा निवाडा निःपक्षपाती म्हणून स्वीकारणें, ही इतिहासाची रीत नव्हे. तो साक्षीदार आहे. त्याची साक्ष साक्ष म्हणूनच घ्यावी.

(३)

आतां प्रत्यक्ष प्रसंग घेऊन पाहूं. आरोपांची मालिका इ. स. १७९७ पासून जोरांत सुरू होते. त्या वर्षीं मे महिन्यांत सरकारी टपाल घेऊन जाणारें ‘बसीन’ हें गलबत रासखैम्यास नेण्यांत आलें व दोन दिवसांनीं सोडून देण्यांत आलें. आमच्या वसईचें इंग्रजी नांव धारण करणारें हें गलबत या कथेच्या पहिल्याच पानावर यावें, हा एक योगायोग. पुढें ऑक्टोबरांत बुशायरच्या बंदरांत कंपनीच्या ‘वायपर’ या लढाऊ गलबतावर हल्ला झाला व त्याचा नायक कॅरुथर्स मारला गेला. जवासम्यांचा ताफा शेख सालेह याच्या हाताखालीं त्या वेळीं तेथें उभा होता तो मस्कतच्या पक्षाच्या, म्हणजे सूर बंदराच्या, बसऱ्याहून परतणाऱ्या जहाजांची वाट पाहत. मस्कत व रासखैमा यांचें युद्ध चालू होतें. आणि मस्कतशीं इंग्रजांचें सूत जुळत चाललें होतें.

तें सूत कसें जुळलें, हें सांगितल्यावांचून १७९७ चा अर्थ लागत नाहीं. १२ ऑक्टोबर १७९८ रोजीं मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या वतीनें मिर्झा मेहदी अली खान यानें मस्कतकराकडून एक कौलनामा लिहून घेतला. नेपोलियन मिसरांत उतरल्याचें वर्ष तें. कौलनाम्याचा रोख फ्रेंचांवर होता. १८०० च्या जानेवारींत जॉन माल्कम यानें त्यास दुसऱ्या कराराची जोड दिली. ‘कौल’ हा शब्द आम्हांस नवा नाहीं. देणारा वरचढ व घेणारा आश्रित, असा त्याचा आमच्याकडील भाव. येथें मात्र कौल मस्कतकरानें दिला व इंग्रजांनीं घेतला; वीस वर्षांत कोण कोणाच्या आश्रयास गेला, हें सर्वांस ठाऊक आहे. एकंदरींत, दोन दर्यावर्दी सत्तांच्या भांडणांत इंग्रजांनीं एकीचा हात धरला, आणि दुसरीनें मारलेला प्रत्येक फटका त्यांच्या दप्तरांत ‘चांचेगिरी’ या सदराखालीं पडूं लागला.

तथापि वॉर्डनचें टिपण वाचणारास प्रथम वाटतें तितकें एकांगी नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. जवासम्यांवर वहाबींचा दाब होता, हें तो सांगतो. आणि १८०६ चा करारही तो लपवीत नाहीं. हा करार आमच्या मतें सर्व वादाची किल्ली आहे. ६ फेब्रुवारी १८०६ रोजीं बंदर अब्बास येथें कॅप्टन डेव्हिड सीटन यानें जवासम्यांचा प्रमुख सुलतान बिन सकर याच्या वकिलाशीं तो केला. बसऱ्याचा रेसिडेंट मॅनेस्टी याचीं ‘शॅनन’ व ‘ट्रिमर’ हीं दोन जहाजें जवासम्यांनीं आदल्या काळांत पकडलीं होतीं, त्याचा हा निकाल. कंपनीच्या निशाणाचा मान राखावा. करार मोडल्यास तीस हजार रियालांचा दंड. जवासम्यांस पूर्वीप्रमाणें सुरतेपासून बंगालपर्यंतच्या बंदरांत येण्यास मोकळीक. आणि वहाबींच्या जबरदस्तीनें शांतता मोडणें भाग पडल्यास तीन महिने आधीं सूचना द्यावी, असा त्याचा आशय.

या शेवटल्या कलमाकडे वाचकांनीं नीट पाहावें. चोराशीं कोणी ‘चोरी करण्यापूर्वीं तीन महिने सूचना दे’ असा करार करीत नाहीं. युद्ध पुकारण्याचा ज्यास अधिकार आहे असें आपण मानतों, त्याच्याशींच असा करार होतो. म्हणजे १८०६ त कंपनीच्या लेखीं सुलतान बिन सकर हा सत्ताधीश होता. तीन वर्षांनीं तोच पक्ष चांचा ठरला. मधल्या काळांत ‘मिनर्व्हा’चें प्रकरण झालें, हें खरें, वहाबींचा अंमल रासखैम्यावर घट्ट बसला, हेंही खरें. परंतु करारभंग करणारा सत्ताधीश व चांचा हे दोन भिन्न पदार्थ आहेत. पहिल्याशीं युद्ध होतें. दुसऱ्यास शासन होतें. दप्तर पहिल्याचें वर्णन करतां करतां दुसऱ्याचें नांव लिहितें.

(४)

इ. स. १८०९ च्या मोहिमेंत आरमाराचा नायक वेनराइट व फौजेचा नायक लेफ्टनंट कर्नल लायोनेल स्मिथ यांनीं १३ नोव्हेंबर रोजीं रासखैमा घेतलें, जाळलें व सोडलें. तेवढ्यानें काम भागलें नाहीं. दहा वर्षांनीं मेजर जनरल सर विल्यम ग्रॅन्ट कीर सुमारें तीन हजार फौज घेऊन मुंबईहून निघाला. ९ डिसेंबर १८१९ रोजीं रासखैमा पुन्हां पडलें. त्यानंतर जो सर्वसाधारण तह झाला, त्यावर पहिल्या सह्या शनिवार, ता. ८ जानेवारी १८२० रोजीं, हिजरी १२३५ रबिलावलच्या २२ व्या दिवशीं झाल्या. आमच्या गणनेनें शके १७४१ चा पौष, वद्यपक्ष. इतर शेखांच्या सह्या मार्चपर्यंत होत राहिल्या.

या तहाच्या मसुद्यांत कीरचा दुभाष्या कॅप्टन टॉमस पेरोनेट टॉम्प्सन याचा मोठा हात होता. अरबी जाणणारा, पूर्वीं सिएरा लिओनचा गव्हर्नर राहिलेला व गुलामगिरीचा कट्टा शत्रू असा हा मनुष्य होता. तहाच्या दुसऱ्या कलमांत युद्ध व लूट यांतील भेद सांगितला आहे : एका सरकारनें दुसऱ्या सरकारावर पुकारलेलें, कबूल केलेलें व हुकूम देऊन चालविलेलें तें युद्ध, तसा पुकारा व हुकूम नसतां माणसें मारणें व माल नेणें ती चांचेगिरी. व्याख्या स्वच्छ आहे. पण ती १८२० ची आहे, आणि आरोप १७९७ पासूनचे आहेत. शिवाय याच व्याख्येचा काटा हातीं घेऊन जवासम्यांचें मस्कताविरुद्धचें वर्तन तोललें, तर त्यांतील किती भाग ‘युद्ध’ या पारड्यांत पडेल ? तहानें दिलेली कसोटी तहापूर्वींच्या वृत्तास कोणी लावून पाहिली नाहीं, हा या ग्रंथावर आमचा मुख्य आक्षेप आहे.

पांचवें कलम दस्तकाचें. प्रत्येक गलबतानें आपल्या सरदाराच्या सहीचा दाखला बाळगावा. त्यांत गलबताचें नांव, लांबी, रुंदी व किती माल मावतो तें असावें. शिवाय मालकाचें व नाखोद्याचें नांव, माणसें, हत्यारें, कोठून निघालें व कोठें चाललें, याचा परवाना वेगळा असावा. आणि इंग्रजी जहाजानें मागितल्यास तें सर्व दाखवावें. कान्होजी आंग्र्यांचे दस्तक ज्यांनीं वाचले आहेत त्यांस हें कलम ओळखीचें वाटेल. पोर्तुगीजांचे कार्ताझही याच जातीचे. समुद्रावर दाखला मागण्याचा अधिकार हीच समुद्रावरील सत्ता होय. ज्याचा दस्तक चालतो तो धनी, ज्यास तो घ्यावा लागतो तो ताबेदार, आणि ज्याचा दस्तक दुसरा बलवान् मानीत नाहीं तो चांचा, अशी ही तीन पायऱ्यांची शिडी आहे. १८२० त जवासमी तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आले; पहिलीवर ते होते कीं नाहीं, हाच वादाचा विषय.

नववें कलम संशोधकांस विशेष बोधप्रद आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वा अन्यत्र कोठून माणसें गुलाम म्हणून हरण करून गलबतांतून नेणें ही लूट व चांचेगिरी होय, असें त्यांत आहे. टॉम्प्सनच्या मनांत गुलामांचा व्यापारच बंद करावयाचा होता. पण पुढच्या अंमलदारांनीं त्याचा अर्थ संकुचित केला : पळवून आणणें गुन्हा, विकत घेऊन आणणें या कलमांत बसत नाहीं. म्हणून १८४७ त किनाऱ्याच्या शेखांकडून आफ्रिकेंतून गुलाम नेण्याच्या मनाईचे वेगळे करार लिहून घ्यावे लागले. एकाच कलमाचे लिहिणाराच्या मनांत एक, वाचणाराच्या सोयीनें दुसरा, असे दोन अर्थ सत्तावीस वर्षें नांदले. जे कागद स्वतः लिहिलेले आहेत त्यांच्याच अर्थाविषयीं ही कचेरी इतकी लवचिक, तर दुसऱ्याच्या पत्राच्या तर्जुम्यांत तिनें किती काटेकोरपणा पाळला असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

सह्यांकडेही पाहावें. रासखैम्याचा हसन बिन रहमा याची सही आहे, पण त्याचें पद कसें दिलें आहे ? ‘हत्त व फलाया येथील शेख, पूर्वीं रासखैम्याचा’. गांव गेला, किल्ला गेला, गलबतें जळालीं. या सर्वांची नोंद ‘पूर्वीं’ या एका शब्दांत आहे. वॉर्डनचीं पुष्कळ पानें वाचून जें समजत नाहीं, तें या एका सहीनें समजतें. गोषवारे आणि अस्सल यांतील अंतर म्हणून आम्ही सांगतों तें हेंच.

कीरचा हा तह मुंबई सरकारास फार सौम्य वाटला, हेंही नमूद केलें पाहिजे. हातीं सांपडलेल्या शेखांस त्यानें सोडून दिलें याबद्दल त्यास जाब द्यावा लागला. अधिक कडक अटी घातल्या असत्या तर हे लोक सही न करतां वाळवंटांत निघून गेले असते, अशा अर्थाचें त्याचें उत्तर होतें. लढलेला सेनापति सौम्य आणि न लढलेली कचेरी कठोर, हा अनुभव आमच्या इतिहासांतही नवा नाहीं.

(५)

आतां अलीकडील ग्रंथकारांचा विचार करूं. बहरीनच्या राज्यकर्त्यांचे सल्लागार म्हणून तीस वर्षें राहिलेले चार्ल्स बेलग्रेव्ह यांनीं १९६६ त ‘चांच्यांचा किनारा’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहिलें. १८१९ च्या मोहिमेंत असलेला आरमारी अधिकारी फ्रॅन्सिस लॉक याची रोजनिशी त्याचा आधार. पुस्तक वाचनीय आहे. पण रोजनिशी लिहिणारा शत्रुपक्षाचा आहे, याची जाणीव वाचकास क्वचितच दिली जाते. जे. बी. केली यांचा १९६८ चा ग्रंथ व्यासंगांत अद्याप अजोड आहे. परंतु केली हे इंग्रजी धोरणाचे उघड कैवारी. त्यांचें दप्तर विपुल असलें तरी एकाच घराचें आहे.

यास पहिला मोठा शह १९८६ त शारजाचे राज्यकर्ते शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनीं दिला. ‘आखातांतील अरब चांचेगिरीची दंतकथा’ या आशयाचा त्यांचा ग्रंथ ज्या सामग्रीवर उभा आहे, तिचा मोठा भाग मुंबईच्या दप्तरखान्यांतीलच आहे, ही आम्हांस लक्षणीय वाटणारी गोष्ट. आरोपित घराण्याचा वंशज आरोप लिहिणाऱ्या कचेरीच्या शहरांत येतो, आणि तेच रुमाल सोडून उलट बाजूनें वाचतो, याचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करतों. अनेक हल्ले पुराव्यावांचून जवासम्यांच्या माथीं मारले गेले, हें त्यांनीं दाखविलें. पण त्यांचा पुढचा सिद्धान्त, कीं कंपनीस आखाताचा व्यापार बळकावयाचा होता व त्यासाठीं तिनें ही दंतकथा रचली, आम्हांस तितका मान्य होत नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीचा आखातांतील स्वतःचा व्यापार उतरणीस लागलेला होता. तिची ओढ फ्रेंचांस दूर ठेवणें, टपालाचा मार्ग राखणें व मस्कतचा स्नेह टिकविणें यांकडे अधिक होती. शिवाय दप्तर खोटें म्हणावयाचें व त्याच दप्तरांतील सोयीचीं पत्रें खरीं धरावयाचीं, हा दोष वॉर्डनच्या दोषाचीच दुसरी बाजू आहे. १८१६ त सुरतेचीं जहाजें लुटल्याच्या आरोपास हसन बिन रहमानें नकार दिला. पण नकार हा पुरावा नव्हे, जसा आरोप हाही पुरावा नव्हे.

चार्ल्स डेव्हिस यांनीं १९९७ च्या ग्रंथांत १७९७ ते १८२० पर्यंतचे प्रसंग नव्यानें छाननी करून मांडले. सरसकट दोषही त्यांस पटत नाहीं, सरसकट निर्दोषताही पटत नाहीं. आमचा कल याच बाजूस आहे. आमचें मत थोडक्यांत असें : जवासम्यांनीं जहाजें लुटलीं, कित्येक वेळां क्रूरपणेंही वर्तले, पण त्यांच्या कृत्यांचा मोठा भाग मस्कतशीं चाललेल्या युद्धाचा व वहाबी सत्तेच्या दाबाचा परिणाम होता, आणि ज्या सत्तेनें त्यांस चांचे म्हटलें, तिनें स्वतः त्यांच्याशीं सत्ताधीश मानून करार केलेला होता. तेव्हां ‘चांचे’ हा शब्द वर्णन नसून निकाल आहे, व तो निकाल प्रतिवादीच्या गैरहजेरींत झालेला आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. जवासम्यांची एक शाखा इराणी किनाऱ्यावर लिंगा येथें राज्य करी व शहाचे अंमलदार म्हणून वसूलही भरी. १८८७ त इराणी सरकारनें तिला काढून टाकलें. या दुहेरी स्थितींत लिंग्याच्या शेखांनीं टुंब बेटांविषयीं जीं पत्रें लिहिलीं, तीं घराण्याच्या हक्कानें लिहिलीं कीं शहाच्या चाकरीच्या नात्यानें, यावर पुढें दोन राष्ट्रें भांडलीं. आणि ३० नोव्हेंबर १९७१ रोजीं इराणनें तीं बेटें फौज पाठवून घेतलीं. रेसिडेंटाच्या रुमालांतील एका जुन्या पत्राचा अर्थ असा शंभर वर्षांनीं बंदुकीच्या टोंकावर येऊन बसतो.

(६)

शेवटीं आमच्या घराकडे. १८०९ त रासखैमा जाळणारा लायोनेल स्मिथ, तोच १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं पुणें ताब्यांत घेणारा जनरल स्मिथ होय. १८१९ च्या डिसेंबरांत रासखैमा घेणारा कीर, त्यानेंच त्या वर्षाच्या आरंभीं सावंतवाडीवर चाल करून निवती व रेडी हे किल्ले घेतले होते. त्यापूर्वीं, १८१२ त, कोल्हापूरकरांकडून मालवण व वाडीकरांकडून वेंगुर्लें घेतलें गेलें, तें चांचेगिरीच्याच सबबीवर. तेच सेनापति, तीच कचेरी, तोच शब्द. एका किनाऱ्यावर तो शब्द अन्यायाचा वाटतो व दुसऱ्यावर खरा वाटतो, असें होत असेल तर दोष पुराव्याचा नसून वाचणाराच्या आपपरभावाचा आहे.

मात्र साम्य ताणूं नये. कान्होजी हे छत्रपतींच्या सनदेचे सरखेल होते. त्यांच्या हक्कास आधार देणारे कागद आमच्याजवळ आहेत. तुळाजीचें प्रकरण जवासम्यांच्या अधिक जवळ जातें. १७५६ त विजयदुर्गावर इंग्रजी आरमार चालून गेलें, तेव्हां पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते; मस्कतचा सय्यद सईद १८१९ त ज्या जागीं उभा होता, तीच ही जागा. आपला प्रतिस्पर्धी परक्याच्या तोफेनें बुडावा असें ज्यास वाटलें, त्याच्या दारांत तीच तोफ कालांतरानें उभी राहिली, हें दोन्ही किनाऱ्यांवर घडलें आहे. भेद एवढाच कीं, आंग्र्यांची बाजू सांगणारे मोडी कागद घराघरांतून जमा करणारे लोक आमच्यांत निपजले. जवासम्यांची त्या काळची बाजू आज मुख्यतः त्यांच्या शत्रूच्या दप्तरांतूनच ऐकावी लागते.

म्हणूनच त्या दप्तराचें नीट वाचन करणें हें मुंबईजवळ राहणाऱ्या अभ्यासकांवर एक ऋण आहे असें आम्ही समजतों. १८७३ पर्यंत आखाताचा कारभार मुंबई सरकारच्या हातीं होता; त्यापूर्वींच्या गुप्त व राजकीय खात्यांच्या रोजनिशा मुंबईच्या दप्तरखान्यांत आहेत. बुशायरच्या रेसिडेंसीचे कागद लंडनमध्यें असून त्यांचीं छायाचित्रें २०१४ पासून कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साहाय्यानें सर्वांस खुलीं झालीं आहेत. वॉर्डनच्या वृत्ताचा एकेक परिच्छेद घेऊन तो कोणत्या पत्रावरून लिहिला, त्या पत्राचें अरबी वा फारसी मूळ कोठें आहे, मुनशीनें काय गाळलें व चिटणिसानें काय घातलें, असा ताळा करून पाहणें हें एका माणसाचें काम नव्हे. पण अशक्यही नव्हे. फारसी जाणणारे अभ्यासक आमच्यांत पूर्वीं होते, आजही थोडे आहेत. कोंकणच्या बंदरांतील व्यापारी घराण्यांकडे मस्कत, बसरा व बुशायर यांच्याशीं झालेल्या देवघेवीच्या वह्या वा हुंड्या असतील, तर त्याही रद्दींत जाण्यापूर्वीं कोणी पाहाव्यात. ज्या गलबताची ‘लूट झाली’ असें सरकारी कागद म्हणतो, तें गलबत पुढच्या हंगामांत माल घेऊन परत आल्याची नोंद एखाद्या चोपडींत सांपडणारच नाहीं, असें कोणीं सांगावें?

ह्यूज टॉमस यांच्या परिश्रमांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्यांनीं हा अंक छापला नसता, तर यांतील पुष्कळ मजकूर कचेरीच्या कपाटांतच राहिला असता. पण तो ग्रंथ वादीचें कैफियतपत्र आहे, निवाडा नव्हे. कैफियत म्हणून तो वाचावा, साक्षी तपासाव्या, आणि प्रतिवादीचा कागद कोठें सांपडतो का, तें शोधावें. तोंपर्यंत ‘चांचे’ हा शब्द आपल्या लेखांत येईल तेव्हां तो कोणाच्या तोंडचा, हें शेजारीं लिहिण्याची संवय आपण लावून घेतली तरी पुष्कळ झालें. इत्यलम्.